अंगाले लागलेले लाडू

तात्यापारा, रायपूर
१४ ऑक्टोबर २००१

विनूताई,

नमस्कार घे. घ्यायचा नसेल तर पाकिटातच राहू दे, पण पत्र फाडू नको. फोन केला का तू माझा आवाज ऐकून ठेवून देते, अन तेवढ्यात एसटीडीवाल्याचं मीटर फिरून जाते. पत्राले राँग नंबर म्हणता येत नाही, म्हणून पत्र.

तर ऐक. तू मौशी झाली. पोट्टी झाली. पोट्टीच्या बापानं, लोकेशनं, भाऊजींच्या ऑफिसात फोन करून सांगितलंच होतं, पण माझ्या हातचं कळवणं राहिलं होतं. बारसं झालं, आत्यानं नाव ठेवलं राधिका. नाक तुझं आहे. रुसणं पण तुझंच आहे, दूध द्यायले जरा उशीर झाला का तोंड भिंतीकडे.

इथं सगळ्यांनी पोट्टा धरून ठेवला होता. सातव्या महिन्यापासून माझ्या ओठावर मिशा फुटून राहिल्या होत्या ना! साऱ्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, बाया म्हणे, मिशा आल्या म्हणजे पोट्टाच. पार्लरवाली पिंकी दर आठवड्याले दोरा घेऊन बसे अन म्हणे, "दीदी, आप तो धीरे-धीरे भैया बन रहे हो." पोट्टी झाली तर सासूबाईंनी नर्सले दोनदा विचारलं, "नीट पाहिलं ना बाई?" मग मांडीवर घेतली अन जी घेतली ती अजून खाली ठेवली नाही.

आता आपल्या भांडणाचं. ते आपलं नव्हतंच, हे तुले बी माहीत आहे. आई गेल्यापासून माझं माहेर म्हणजे तू. पहिलं बाळंतपण माहेरी, हे कोणाले सांगावं लागते का? तू जूनमध्ये मले न्यायले आली, आईचा तो स्टीलचा डबा लाडवांनी भरून. झाकणावर आईचं नाव कोरलेलं, शेवंता. अन आमच्या सासूबाई, कलावतीबाई, सोफ्यावरून म्हणल्या, "राजधानी सोडून नागपूरले काहून पाठवू? नागपूरची राजधानी जाऊन जमाना झाला विनोदिनीबाई, आमची आत्ता आली."

बस. तू उठली, भरला डबा उचलला अन दारातून बोलली, "खाऊ घाला मग तुमच्याच हातचं! एक घास अंगाले लागणार नाही तिच्या!" मी मधात तोंड उघडलं, पण तुमच्या दोघींच्या मधात बोलायले लाउडस्पीकर लागते.

तर ताई, कळवायले आनंद वाटते का लागलं. खूप लागलं! सासूबाईंचे डिंकाचे लाडू असे अंगाले लागले का तोंड पुरीवानी टम्म झालं. अंगठी निघत नाही. आल्यागेल्यासमोर सासूबाई माझी हनुवटी धरून दाखवतात, "पाहा, याले म्हणतात बाळंतपण." वरच्या मजल्यावर भोपाळहून बदली होऊन आलेले साहेब भाड्यानं राहतात, त्यांची बायको लाडवांची कृती लिहून घेऊन गेली. बारशाच्या दिवशी मी पाटावर बसली ते उठताच येईना. दोन बायांनी काखेत हात घालून उठवलं. सगळ्या खो खो हसल्या, मी पण हसली.

फोटो पाठवून राहिली. हनुवट्या मोजून पाहा अन मग सांग, लागलं का नाही.

तुझी, तू नाही म्हटलं तरी तुझीच,
चेतू

*

रायपूर
४ नोव्हेंबर २००१

ताई,

फोटो परत आला नाही, म्हणजे ठेवला. उत्तर पण आलं नाही, म्हणजे राग पण ठेवला. बरं आहे, दोन्ही सांभाळ.

इथं आमच्या नव्या राज्याचा पहिला वाढदिवस झाला. चौकाचौकात लायटिंग. सासूबाई राधिकाले खिडकीत धरून सांगून राहिल्या, "पाहा माय, तुझ्याहून एक वर्षानं मोठं आहे आपलं राज्य." लोकेश मंत्रालयात फायलींखाली दबला आहे. ते मंत्रालय म्हणजे कसं, का राजधानी तर झाली पण इमारत नव्हती, मग मोठ्या दवाखान्याच्या इमारतीतच मंत्रालय बसवलं. हा बसतो ती खोली पहिले एक्स-रेची होती म्हणतात. अजून एखादी म्हातारी येते, हात पुढं करते अन याले विचारते, "साहेब, फोटू इहें निकलथे का?"

बाकी माझी तब्येत छान. जरासं बीपी आहे. बाळंतपणात होतेच म्हणतात. सरला मॅडम म्हणून डॉक्टरीण आहे आमची. त्यांनी बीपी पाहिलं अन मशीनले दोन थापा मारल्या. परत पाहिलं. मग दुसरी मशीन आणवली. मग मशीनचा नाद सोडून माझ्याकडे पाहत बसल्या.

म्हणल्या, "खाली बसा, अन हात न टेकता उठा." मी बसली. अन तिथंच राहिली. लोकेशनं ओढून काढलं. सासूबाई कौतुकानं म्हणल्या, "लाडू आहेत ते, मॅडम." मॅडम हसल्या नाहीत. पोट पाहिलं, त्यावर वांग्याच्या रंगाचे पट्टे आहेत. सासूबाई म्हणल्या, बाळंतपणाचे वण आहेत. मॅडम म्हणल्या, असे जांभळेगर्द नसतात. रक्त काढून घेतलं, उद्या सोनोग्राफी आहे. मीठ बंद, लाडू बंद. लाडू बंद म्हटल्यावर सासूबाईंचं तोंड असं झालं का त्यांचंच बीपी पाहावं लागते का काय.

काही नसेल. तू चिंता करू नको. म्हणजे तू करून नसशील राहिली, तरी पण.

आईले असं काही होतं का गं? तोंड फुगणं वगैरे? सहज विचारून राहिली. मले तर ती आजारी पडायच्या आधीची नीट आठवतच नाही, तुले आठवत असेल.

चेतू

*

रायपूर
१९ नोव्हेंबर २००१

ताई,

दिवाळी होऊ दिली. सणाच्या दिवसात असं पत्र कोणाच्या घरी जाऊ नये म्हणून थांबली. आता खरं सांगते, पाणी पिऊन वाच.

सोनोग्राफी झाली, मग त्या बोगद्यावानी मशीनमध्ये घातलं ते सीटी स्कॅन झालं. आपल्या दोन्ही किडन्यांच्या डोक्यावर म्हणे एकेक टोपी असते, ग्रंथी. एवढीशी असते अन तिचा रस साऱ्या अंगात फिरते. माझ्या डाव्या टोपीत गाठ आहे. केवढी, विचारलं, तर मॅडम म्हणल्या संत्र्याएवढी. साऱ्या बाजारात त्यांले हेच फळ सापडलं! मी म्हटलं, मॅडम, माहेर नागपूरचं आहे माझं. तर त्या हसता हसता थांबल्या अन माझा हात धरला. तेव्हा मले कळलं का हे साधं नाही.

कॅन्सर आहे, ताई. बहुतेक आहे म्हणल्या, काढून तपासल्यावर पक्कं होईल, पण त्यांच्या तोंडावर बहुतेक नव्हतं. ती गाठ रस जास्त सोडून राहिली, म्हणून तोंड गोल, म्हणून बीपी, म्हणून मांड्यांतला जोर गेला. मिशा पण तिच्याच. म्हणजे मिशा पोट्ट्याच्या नव्हत्या अन गाल लाडवांचे नव्हते. चार महिने साऱ्या तात्यापाऱ्यानं ज्याचं कौतुक केलं, तो आजार होता.

मले भीती वाटते. खूप वाटते. गोळ्या सुरू झाल्या म्हणून दूध बंद करावं लागलं. पोट्टी पदर ओढते अन मी बाटली देते, अन ती माझ्याकडे अशी पाहते का मी तिले फसवलं. हे मी कोणाजवळ बोलली नाही. लोकेशजवळ बोलली तर तो रडते, अन मग त्याले समजवायचं काम पण माझ्याच डोक्यावर येते.

सासूबाईंचं सांगते, नाहीतर हे पत्र ओलं होईल. त्यांनी उरलेले सारे लाडू बाहेर गाईले घातले. मग जिना चढून भोपाळवाल्या बाईले सांगून आल्या, "वो कृती फाड़ दो, उससे कैंसर होता है." त्या बाईनं तोवर सव्वा किलो डिंक फस्त केला होता. ती दुसऱ्याच दिवशी सोनोग्राफीच्या लायनीत. रिपोर्ट नॉर्मल आला, नुसता गॅस निघाला. तरी ती आता सासूबाईंशी बोलत नाही.

ऑपरेशन करावं लागते, लवकर. मॅडम म्हणल्या का अशी गाठ न फोडता काढणं कसबाचं काम आहे, हे करणारे सर्जन त्यांच्या माहितीत नागपूरले आहेत. सासूबाई म्हणल्या, "पण राजधानी तर इथं आहे ना?" मॅडम म्हणल्या, "मावशी, गाठ काढायची आहे, उद्घाटन नाही करायचं."

रिक्षानं घरी येताना, बूढा तालाब मागे गेल्यावर सासूबाई म्हणल्या, "नागपूरच न?" मी म्हटलं, हव.

चेतू

*

रायपूर
२७ नोव्हेंबर २००१

ताई,

काल हरिदास भाऊजींचा फोन आला. त्यांनी सगळं सांगून दिलं, त्यांच्यावर चिडू नको. तू जेवत नाहीस म्हणे. गजानन महाराजांच्या फोटोसमोर बसून राहते अन म्हणते का मीच बोलली, एक घास अंगाले लागणार नाही, अन तेच झालं. माझी पत्रं उशीखाली ठेवते अन उत्तर लिहायले बसली का पेन टेकवत नाही.

अगं बयाबाई! तुझ्या तोंडात एवढी ताकद असती तर भाऊजींची लूना कधीच जळून गेली असती. रोज सकाळी तिले तू मेली म्हणते अन रोज ती फटफट करत ऑफिसले जाते. मले तर लहानपणी तू दर शनिवारी म्हणे, "चेते, तू नापास होशील." झाली का मी? एकदाच झाली, अन ते गणितामुळे.

अन इकडे दुसरी! सासूबाई मानतच नाहीत. मॅडमनं त्यांले दोनदा समजावलं का ही गाठ लाडवांची नाही, शिव्याशापाची नाही, कोणाच्याच हातची नाही, गरोदरपणाच्या आधीपासूनही असू शकते. पण सासूबाई म्हणतात, मीच खाऊ घातलं. तू म्हणते, मीच बोलली. आजार मले झाला अन श्रेयासाठी तुम्ही दोघी भांडून राहिल्या! जूनमध्ये मले कोण खाऊ घालणार यावरून भांडल्या, आता मले कोणी मारलं यावरून. मले पण कधी विचारत जा.

तर आता मी काय म्हणते ते ऐक, सरळ सांगते. पाच डिसेंबरच्या गाडीनं आम्ही येऊन राहिलो. ऑपरेशन नऊ तारखेले. वार्डात बाळाले घेत नाहीत. माझी पोट्टी मले तुझ्याजवळ ठेवायची आहे. लॉजमध्ये नाही, लोकेशच्या दोस्ताकडे नाही, तुझ्याजवळ. पहिल्या बाळंतपणाले मी माहेरी आली नाही, ते आता येऊन राहिली. उशिरा आहे, अन मधात ऑपरेशन आहे, पण माहेरपणच आहे असं मी धरलं आहे.

एक वाईट बातमी पण आहे. सासूबाई सोबत येऊन राहिल्या. पोट्टीले सोडून त्या राहूच शकत नाहीत. म्हणजे त्यांचा मुक्काम पण तुझ्या घरी. एका स्वयंपाकघरात तुम्ही दोघी, हा विचार करून मले ऑपरेशनची भीती जरा कमी वाटून राहिली.

उत्तर लिहिणं होत नसेल तर लिहू नको. नुसती स्टेशनवर ये. नाही आली तर मी समजून घेईन असं लिहिणार होती, पण नाही घेणार. ये.

चेतू

*

नागपूर, वार्ड
८ डिसेंबर २००१

ताई,

ही चिठ्ठी लोकेशच्या हाती देऊन राहिली. काल तू भेटायले आली तेव्हा अर्धा तास नुसती माझी चादर नीट करत होती. बोलू दिलंच नाही. म्हणून लिहिते.

मी स्टेशनवर सगळं पाहिलं. डोंगरगड आलं तेव्हा सासूबाईंनी खिडकीतून बम्लेश्वरीले हात जोडले अन तेव्हापासून त्यांचे ओठ हलून राहिले होते. मले वाटलं देवीचं काही म्हणत असतील. भंडारा गेल्यावर ऐकू आलं, त्या तुले काय बोलायचं त्याची तयारी करून राहिल्या होत्या. "विनोदिनीबाई, मागचं मनात धरू नका," एवढंच, पुन्हा पुन्हा. अन गाडी थांबली, तू पुढं आली, माझ्याकडे पाहिलं नाही, त्यांच्या हातातून पोट्टी घेतली अन काय म्हणली? "वाळली किती ही!"

मी म्हटलं, झालं, आता फलाटावरच दुसरं भांडण. अन सासूबाई म्हणल्या, "हव. वाळली." भंडाऱ्यापासूनची सारी तयारी विसरल्या. मग तू माझ्याकडे पाहिलं अन तुझं तोंड वाकडं झालं, अन मी समजली का फोटोत अन समोर फरक पडते.

उद्या सकाळी नेणार आहेत. सर्जन चांगले आहेत, कमी बोलतात. गाठ न फुटता निघाली तर अर्धी लढाई जिंकली म्हणाले. उरलेल्या अर्ध्याचं मी विचारलं नाही.

आता हे वाच अन रडू नको, किंवा रड, पण पोट्टीच्या अंगावर नको. मी उठली नाही तर राधिका तुझ्याजवळ राहील. तुझ्याजवळच. लोकेशनं मान हलवली. सासूबाईंले मी काल विचारलं, भीत भीत. ज्या बाईनं मले सव्वा महिन्यासाठी नागपूरले येऊ दिलं नाही, तीच म्हणली, "हव. पण मले बी राहू द्या म्हणा तिथं, एका कोपऱ्यात."

ठेवशील ना त्यांले? चांगल्या आहेत गं. लाडवात वेलची जास्त टाकतात, एवढंच.

मले जगायचं आहे, ताई. पोट्टीनं मले अजून एकदा पण मिशांशिवाय पाहिलं नाही.

चेतू

*

नागपूर, वार्ड
१९ डिसेंबर २००१

विनूताई,

बसून लिहून राहिली, पाहा अक्षर. टाके ओढतात, पण बसली.

रिपोर्ट आला. कॅन्सरच होता. पण गाठ अख्खी निघाली, फुटली नाही, अन बाकी कुठं काही दिसत नाही. सर्जन म्हणाले, परत येऊ शकते, म्हणून दर तीन महिन्यांनी इथं तपासणी, निदान काही वर्षं तरी. दुसरी टोपी इतके दिवस झोपली होती, ती जागी होईपर्यंत रोज गोळी घ्यायची, एक दिवस बी चुकवायची नाही. लोकेशनं विचारलं, "तीन महीने में एक बार नागपुर?" ते म्हणाले हो. म्हणजे डॉक्टरच्या कागदावर माहेर लिहून मिळालं. कोण्या सासूनं आता अडवून दाखवावं!

सासूबाई अडवणार पण नाहीत. लोकेश रोज तुमच्या बातम्या आणते. परवा म्हणे तुम्ही दोघींनी डिंकावरून घर डोक्यावर घेतलं. त्या म्हणत होत्या, "मी लाडवाले हात लावणार नाही, माझ्या हातानं झालं सारं," अन तू म्हणत होती, "मग काय मी लावू? मी तर बोललीच होती तसं!" दोघी परातीच्या दोन बाजूले बसून रडून राहिल्या अन डिंक करपला. भाऊजींनी पोट्टीले घेऊन लूनावर गल्लीत दोन चकरा मारल्या, धूर निघून जाईपर्यंत.

शेवटी वळले तुम्ही. दोघींनी मिळून, एकीनं भाजलं अन दुसरीनं वळलं, म्हणजे काही झालं तर दोष अर्धा अर्धा. मले लोकेशनं सांगितलं अन मी इतकी हसली का नर्स धावत आली, टाक्यांसाठी.

सर्जनले विचारलं, लाडू चालते का? ते म्हणाले, आता चालते, जोर पाहिजे अंगात. सकाळी डबा आला. आईचाच. जूनमध्ये माझ्या दारातून भरला परत गेला होता तो. मी झाकणावर बोट फिरवलं, शेवंता. उघडला. आत एकच लाडू. एवढी भीती वाटते का तुम्हा दोघींले अजून?

बाजूच्या पलंगावरची बाई मागत होती, तिले दिला नाही. वेलची जास्तच आहे, सासूबाईंच्या हातची. पण गोल नाही, चपटा, म्हणजे वळला तू. हळूहळू खाल्ला. आई गेल्यावर तू पहिल्यांदा केले होते तसाच लागला, दातात अडकणारा.

डबा लोकेशजवळ रिकामा पाठवून राहिली. पाहून घे, बोटानं पुसून खाल्ला आहे.

उद्या दोन टाक.

चेतू